वातानुकूलन यंत्रातील गॅस : तपासावा कसा, भरावा किती

मध्य प्रदेशातील देवास शहराच्या आग्नेयेस, माळव्याच्या पठारावर हाटपिपल्या हे लहानसे शहर आहे. पवार घराण्याच्या संस्थानांमुळे आणि पंडित कुमार गंधर्वांच्या दीर्घ वास्तव्यामुळे देवासचा परिसर मराठी वाचकाला परका नाही. माळव्याच्या रात्री थंडाव्यासाठी पूर्वापार नावाजलेल्या आहेत. ‘शब-ए-मालवा’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. दिवसाची गोष्ट मात्र वेगळी. मे महिन्यात तेथील पारा ४० ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. हवा कोरडी असल्याने पाण्यावर चालणारा कूलर तेथे चांगले काम देतो. पण अलीकडे घरोघरी वातानुकूलन यंत्रेही आली आहेत. त्यांच्याबरोबर दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ऐकू येणारे एक वाक्यही आले : ‘गॅस कमी झाला आहे, भरावा लागेल.’

हे वाक्य गोमंतकीयांनाही पाठ आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत ते दरवर्षी ऐकू येते आणि बहुतेक ग्राहक मुकाट्याने पैसे मोजतात. गॅस खरोखर कमी आहे का, असल्यास तो गेला कुठे आणि किती भरला म्हणजे पुरे, हे तीन प्रश्न क्वचितच विचारले जातात. माळव्याची कोरडी हवा आणि गोव्याची दमट हवा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास या प्रश्नांची उत्तरे अधिक स्पष्ट होतात.

गॅस संपत नाही, गळतो

ज्याला आपण ‘गॅस’ म्हणतो त्याचे शास्त्रीय नाव प्रशीतक. तो यंत्रात बंद नळ्यांच्या वर्तुळात फिरत राहतो. खोलीतील भागात, म्हणजे बाष्पकात, तो कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना खोलीतील उष्णता शोषून घेतो. ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो. बाहेरच्या भागात, म्हणजे संघनकात, ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रवरूप होते. मग केशनलिकेसारख्या अरुंद वाटेतून किंवा झडपेतून जाताना तिचा दाब उतरतो आणि चक्र नव्याने सुरू होते.

या चक्रात प्रशीतकाचा खप होत नाही. मोटारीतील पेट्रोलासारखा तो जळत नाही, की वापराने झिजत नाही. वर्तुळ घट्ट असेल तर कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरतो. म्हणून ‘दोन वर्षे झाली, आता गॅस भरून घ्या’ या सल्ल्याला आधार नाही. गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी छिद्र, सैल जोड किंवा तडा आहे. तो शोधून बंद केल्याशिवाय भरलेला गॅस त्याच वाटेने पुन्हा जाणार.

गळतीच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात. आतल्या आणि बाहेरच्या भागांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचे फ्लेअर जोड ही पहिली जागा. पसरवलेले टोक वेडेवाकडे असणे किंवा नट कमी-जास्त आवळला जाणे ही तेथील नेहमीची कारणे. सर्व्हिस व्हॉल्व्हची टोपी व त्यातील पिन ही दुसरी जागा; बाष्पकाच्या व संघनकाच्या नळ्यांची वळणे ही तिसरी. किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे बाहेरच्या भागाचे धातू लवकर गंजतात, त्यामुळे गोव्यात संघनकाची तपासणी अधिक काळजीने करावी लागते. गळतीच्या जागी गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर येते. जोडावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला तर शोधाची सुरुवात तेथूनच करावी.

कोणत्या यंत्रात कोणता गॅस

बाहेरच्या भागावर लावलेल्या नावपट्टीवर प्रशीतकाचे नाव आणि त्याचे ग्रॅममधील किंवा किलोमधील वजन छापलेले असते. या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच.

भारतीय घरांत प्रामुख्याने चार प्रशीतके आढळतात. आर-२२ हे जुन्या यंत्रांतील. ओझोन थराला ते हानिकारक असल्याने माँट्रियल कराराखाली २०३० पर्यंत त्याचा वापर संपुष्टात आणायचा आहे. आर-४१०ए हे आर-३२ व आर-१२५ यांचे समान वजनाचे मिश्रण. आज बहुसंख्य नव्या यंत्रांत आर-३२ असते. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. ते वापरणारी घरगुती यंत्रे गोदरेजने भारतात २०१२ मध्ये बाजारात आणली.

यांपैकी एकाच्या जागी दुसरे भरता येत नाही. आर-४१०ए आणि आर-३२ यांचे दाब आर-२२ च्या सुमारे १.६ पट असतात. जुन्या यंत्राच्या नळ्या व कॉम्प्रेसर त्यासाठी बनवलेले नसतात. कॉम्प्रेसरमधील तेलही निराळे असते. आर-२२ च्या यंत्रात स्वस्त पडते म्हणून प्रोपेन किंवा स्वयंपाकाचा गॅस भरणे तर जिवावर बेतणारे आहे. त्या यंत्राचे विजेचे जोड ज्वलनशील वायू गृहीत धरून बनवलेले नसतात.

गॅस कमी आहे की दुसरेच काही?

खोली नीट गार होत नाही, एवढ्यावरून गॅस कमी असल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे. आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. आतली जाळी धुळीने भरली असेल, बाष्पकावर मळाचा थर असेल, बाहेरच्या भागाच्या पत्र्या धूळ-कचऱ्याने बुजल्या असतील, पंख्याचा कपॅसिटर अशक्त झाला असेल किंवा विजेचा दाब कमी असेल, तर गॅस पुरेपूर असूनही यंत्र गारवा देत नाही. माळव्यात मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची मळणी होते आणि तिचा भुसा व काळ्या मातीची धूळ संघनकात जाऊन बसते. यंत्र नेमके त्याच दिवसांत सुरू होते, त्यामुळे धुण्याने सुटणाऱ्या तक्रारीसाठी गॅस भरला जाण्याची शक्यता वाढते. बाहेरचा भाग धुतल्याशिवाय गेज लावूच नये, हा नियम दोन्ही प्रदेशांना लागू आहे.

बर्फाची खूणही समजून घ्यावी. गॅस कमी असेल तर बाष्पकाच्या सुरुवातीच्या थोड्या भागावरच हिम धरते आणि उरलेला भाग कोमट राहतो. बाहेरच्या बारीक नळीच्या व्हॉल्व्हवर पांढरा थर दिसतो. जाड नळी मात्र पुरेशी गार लागत नाही. उलट जाळी तुंबल्यामुळे हवा कमी मिळत असेल तर बाष्पक सर्वभर गोठते आणि जाड नळीही घामेजते. दोन्ही ठिकाणी बर्फ दिसतो. उपाय मात्र निराळे आहेत.

यंत्रातून पडणाऱ्या पाण्यावरून केलेले निदान सर्वांत फसवे. गोव्यात मे महिन्यात नळीतून पाण्याची धार लागते, कारण दमट हवेतील बाष्प थंड बाष्पकावर साचते. हाटपिपल्यात त्याच महिन्यात दिवसभर यंत्र चालूनही जेमतेम काही थेंब पडतील. तेथे हवेतच पाणी नसते. ‘पाणी पडत नाही म्हणजे गॅस गेला’ हे तेथील अनुमान म्हणूनच निराधार ठरते. पहिला पाऊस पडला की तेच यंत्र, कोणी हात न लावता, पाणी टाकू लागते.

आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानांतील फरक ही घरी करता येणारी उपयुक्त चाचणी. यंत्र पंधरा-वीस मिनिटे पूर्ण वेगाने चालू द्यावे आणि साध्या तापमापकाने दोन्ही ठिकाणी मोजावे. सामान्यतः हा फरक ८ ते १२ अंश असतो. दमट हवेत यंत्राची बरीच शक्ती बाष्पाचे पाणी करण्यात जाते, म्हणून गोव्यात तो या मर्यादेच्या खालच्या टोकाकडे असतो. कोरड्या माळव्यात वरच्या टोकाकडे किंवा त्याहूनही अधिक. फरक चार-पाच अंशांवर आला आणि जाळ्या स्वच्छ असतील, तर तंत्रज्ञाला बोलवावे.

दाब काय सांगतो आणि काय सांगत नाही

तंत्रज्ञ येतो, जाड नळीच्या व्हॉल्व्हला गेज लावतो, काटा पाहतो आणि ठरावीक आकडा येईपर्यंत सिलिंडर उघडा ठेवतो. आपल्याकडे सर्वत्र दिसणारी पद्धत हीच. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

प्रत्येक प्रशीतकाचा दाब आणि उकळण्याचे तापमान यांची जोडी निसर्गतःच ठरलेली असते. बाष्पकात ५ अंशांना उकळणाऱ्या आर-२२ चा गेजवरील दाब सुमारे ७० पीएसआय असतो, आर-४१०ए व आर-३२ यांचा सुमारे १२० ते १२४, आणि आर-२९० चा सुमारे ६५. म्हणजे काटा आपल्याला आत काय तापमान आहे ते सांगतो. किती ग्रॅम गॅस आहे ते सांगत नाही. खोली तापलेली असेल तर दाब वाढतो, हवा कोरडी असेल किंवा जाळी तुंबलेली असेल तर उतरतो. इन्व्हर्टर यंत्रात कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असल्याने काटाही हलत राहतो. अशा यंत्राचा दाब चाचणी-स्थितीत, ठरावीक वेगावर आणल्याखेरीज वाचण्यात अर्थ नाही.

म्हणून दाबाबरोबर जाड नळीचे तापमान मोजतात. द्रव पूर्ण उकळून गेल्यानंतर वाफ आणखी जितके अंश तापते, तिला अतितप्तता म्हणतात. समजा, आर-२२ च्या यंत्रात दाब ७० पीएसआय आहे, म्हणजे उकळण्याचे तापमान ५ अंश, आणि जाड नळीचे तापमान १२ अंश. अतितप्तता ७ अंश झाली. ती अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त असेल तर बाष्पकात द्रव कमी पोहोचत आहे. शून्याजवळ असेल तर द्रव न उकळताच कॉम्प्रेसरकडे जात आहे. पण ‘अपेक्षा’ किती अंशांची ठेवायची, हे हवामानावर अवलंबून असते. माळवा आणि गोवा यांतील फरक येथे निर्णायक ठरतो.

हाटपिपल्या आणि पणजी : एक गणित

केशनलिका असलेल्या यंत्रांसाठी तंत्रज्ञ एक ठोकताळा वापरतात. खोलीतील हवेच्या ओल्या फुग्याच्या तापमानाची तिप्पट घ्यावी, तीतून ८० वजा करावेत, मग बाहेरच्या हवेचे तापमान वजा करावे आणि उरलेल्याचे अर्धे करावे. सर्व आकडे फॅरनहाइटमध्ये. येणारे उत्तर म्हणजे अपेक्षित अतितप्तता. ओल्या फुग्याचे तापमान म्हणजे तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून, हवा वाहती ठेवून घेतलेले तापमान. हवेत बाष्प जितके अधिक, तितके ते वर असते.

पणजीतील मे महिन्याची दुपार घेऊ. बाहेर ३३ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ९१ फॅरनहाइट. खोली २७ अंशांवर, पण दमट. ओल्या फुग्याचे तापमान २१ अंश, म्हणजे सुमारे ७० फॅरनहाइट. तिप्पट २१०, वजा ८०, वजा ९१, उरले ३९; त्याचे अर्धे सुमारे १९. सेल्सिअसच्या मापात अपेक्षित अतितप्तता साधारण ११ अंश. हे आरामात मोजता येते.

आता हाटपिपल्यातील दुपार. बाहेर ४२ अंश, म्हणजे सुमारे १०८ फॅरनहाइट. खोली तितकीच, २७ अंशांवर, पण कोरडी. ओल्या फुग्याचे तापमान १६ अंश, म्हणजे सुमारे ६१ फॅरनहाइट. तिप्पट १८३, वजा ८०, वजा १०८ : उत्तर शून्याच्या खाली जाते. याचा अर्थ असा, की अशा हवेत ही पद्धत लागूच पडत नाही. त्या दुपारी काट्याकडे पाहून गॅस भरत गेल्यास तो जास्त होण्याची शक्यता मोठी, आणि ज्या यंत्राला दुपारी आधीच धाप लागलेली असते त्याच्यावर आणखी भार पडतो.

माळव्यासारख्या प्रदेशात दाबाने गॅस भरायचाच असेल तर निदान पहाटेची किंवा रात्रीची गार वेळ निवडावी. पण कोणत्याही प्रदेशात, कोणत्याही ऋतूत चुकत नाही असा मार्ग एकच : वजन करून भरणे. नावपट्टीवरील आकडा हवामानावर अवलंबून नसतो.

योग्य पद्धत

गॅस खरोखर कमी असल्याचे निश्चित झाल्यावर कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

१. उरलेला गॅस रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. किती गळाला हे माहीत नसताना वरून थोडा थोडा भरणे म्हणजे अंदाजावर अंदाज.

२. नळ्यांत कोरडा नायट्रोजन पुस्तिकेत दिलेल्या दाबापर्यंत भरून साबणाच्या फेसाने प्रत्येक जोड तपासावा आणि दाब काही काळ टिकतो का ते पाहावे. या कामी ऑक्सिजन कधीही वापरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आल्यास स्फोट होतो.

३. गळती दुरुस्त करावी. फ्लेअर जोड असल्यास टोक कापून नवे पसरवावे आणि नट टॉर्क पान्याने आवळावा. झाळायचे असल्यास नळीतून नायट्रोजन सोडत झाळावे, म्हणजे आत काजळी धरत नाही.

४. व्हॅक्यूम पंपाने नळ्या निर्वात कराव्यात. आत राहिलेली हवा दाब वाढवते आणि ओलावा तेल बिघडवतो. आर-४१०ए व आर-३२ यांच्या यंत्रांतील तेल ओलावा विशेष ओढते. निर्वात पोकळी ५०० मायक्रॉनच्या खाली आणून पंप बंद करावा आणि ती टिकते का ते पाहावे. साध्या गेजच्या काट्यावर येथे विसंबू नये. समुद्रसपाटीला तो पूर्ण निर्वातात ३० इंचांजवळ जातो. सुमारे ५०० मीटर उंचीच्या माळव्याच्या पठारावर हवेचा दाबच कमी असल्याने तो २८ इंचांच्या थोडा पुढे थांबतो. काही मिनिटे पंप लावून ‘काटा खाली गेला, झाले’ म्हणणे दोन्हीकडे अपुरेच. मायक्रॉन गेज हवा.

५. सिलिंडर इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर ठेवून नावपट्टीइतका गॅस भरावा. नळ्या लांब असतील तर पुस्तिकेप्रमाणे वाढ करावी. समजा, नावपट्टीवर ७५० ग्रॅम आहेत, त्यात ५ मीटर नळी धरलेली आहे, पुढच्या प्रत्येक मीटरला २० ग्रॅम सांगितले आहेत आणि नळी ८ मीटर आहे. तर ६० ग्रॅम वाढवून एकूण ८१० ग्रॅम भरावेत. आर-४१०ए मिश्रण असल्याने ते सिलिंडरमधून द्रवरूपातच, पण हळूहळू सोडावे.

६. यंत्र पंधरा-वीस मिनिटे चालवून हवेतील तापमानाचा फरक, विजेचा प्रवाह आणि दाब मोजावेत. आता दाब ही पडताळणी असते, मोजमाप नव्हे.

जास्त गॅस हाही बिघाडच

‘थोडा जास्त भरा, अधिक गार होईल’ असा आग्रह अनेक ग्राहक करतात. परिणाम उलटा होतो. जादा द्रव संघनकात साचून उष्णता बाहेर टाकण्याची जागा व्यापतो; दाब व विजेचा प्रवाह दोन्ही वाढतात. ४२ अंशांच्या दुपारी असे यंत्र वारंवार बंद पडते आणि ‘गॅस कमी’ म्हणून त्यात आणखी गॅस जातो. द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरल्यास त्याच्या झडपा मोडतात. शे-दोनशे ग्रॅमच्या चुकीची किंमत मग नव्या कॉम्प्रेसरइतकी होते.

सुरक्षितता

आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आर-२९० अतिज्वलनशील. प्रोपेनचे हवेतील प्रमाण अवघे २.१ टक्के झाले तरी ते पेट घेऊ शकते. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. देवघरातील समई, उदबत्ती, शेगडी विझवावी. गॅस काढून नळ्या नायट्रोजनने धुतल्याखेरीज झाळणीची ज्योत पेटवू नये. गळती असलेल्या यंत्राचा गॅस कॉम्प्रेसर चालवून बाहेरच्या भागात ओढू नये. हवा आत शिरून कॉम्प्रेसर फुटू शकतो. जाळी धुणे आणि तापमान मोजणे एवढेच घरच्यांचे काम; व्हॉल्व्हला हात लावणे प्रशिक्षित तंत्रज्ञाचे.

हवेत सोडलेला गॅस

दुरुस्तीच्या वेळी उरलेला गॅस सरळ हवेत सोडून देण्याची सवय फार बोकाळली आहे. शंभर वर्षांच्या मापाने एक किलो आर-२२ वातावरण तापवण्यात १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडची बरोबरी करतो, आर-४१०ए २,०८८ किलोची आणि आर-३२ ६७५ किलोची. म्हणजे ७०० ग्रॅम आर-३२ उडून गेला, तर सुमारे २०० लिटर पेट्रोल जाळल्याइतका भार पडला. ऑक्टोबर २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. तिच्यानुसार २०२८ मध्ये या प्रकारच्या वायूंचा वापर गोठवायचा आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. हे उद्दिष्ट कारखान्यांइतकेच गच्चीवर बसून काम करणाऱ्या तंत्रज्ञांच्या हाती आहे.

ग्राहकाने काय विचारावे

पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न पुरेसे आहेत. गळती कुठे सापडली? नायट्रोजनने तपासली का? निर्वात पोकळी किती मायक्रॉनपर्यंत नेली? काट्यावर किती ग्रॅम गॅस गेला? ही उत्तरे, प्रशीतकाचे नाव आणि तारीख पावतीवर लिहून घ्यावीत आणि तिची एक प्रत यंत्राजवळच चिकटवावी. पुढच्या उन्हाळ्यात ‘गॅस कमी झाला आहे’ असे कोणी म्हणाल्यास तोच कागद पुढे करावा. वर्षभरात पुन्हा गॅस गेला असेल, तर गळती बंद झालेली नव्हती, एवढे त्यावरून निश्चित होते. आणि मग गॅसचे पैसे पुन्हा देण्याआधी त्या दुरुस्तीचा जाब विचारता येतो.